टेकडीकडे पाठ

"मास्तर, खाली उतरा," मी म्हणालो.

मास्तर शिडीच्या सहाव्या पायरीवर होते. वय अठ्ठ्याहत्तर. एका हातात अँटेना, दुसऱ्या हातानं शिडीचा दांडा धरलेला. शिडी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातून गच्चीच्या झडपेकडे गेलेली, म्हणजे जवळजवळ उभीच. खाली त्यांची लेक दोन्ही हातांनी शिडी दाबून उभी होती. मला बघून तिला हायसं वाटलं की ती आणखीच घाबरली, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

मास्तरांनी मान वळवली नाही. "कोण आलंय?" त्यांनी लेकीलाच विचारलं.

"केबलवाले," ती म्हणाली. मग जरा थांबून, "दादा आलाय."

"तोडायला आला असेल. तोड म्हणावं आणि जा म्हणावं. तोडण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही."

हे बोलता बोलता त्यांनी सातव्या पायरीवर पाय टाकला आणि चप्पल सटकली. मी दोन पायऱ्या चढून खांदा पुढे केला. मास्तरांचा पाय माझ्या खांद्यावर टेकला, क्षणभर सगळं वजन आलं. तिथं कोण आहे ते कळल्यावर त्यांनी पाय असा उचलला, जणू इस्त्रीला लागला होता. मग ते झडपेतून वर गेले. दुसरी चप्पल खाली पडली.

माझ्या हातात ऑफिसची चिठ्ठी होती. 'जोडणी बंद. बॉक्स आणि वायर परत आणणे.' गेली दोन वर्षं माझं काम एवढंच उरलं होतं. त्याआधी सव्वीस वर्षं घराघरांत केबल जोडली आणि आता घराघरांतून ती सोडवत फिरत होतो. बायको म्हणते, तुमच्या नशिबात गुंडाळणंच लिहिलंय. ती वायरबद्दल बोलते असं मी धरून चालतो.

"तू त्यांना चढू कसं दिलंस?" मी लेकीला विचारलं.

"मी कोण देणारी? आठ दिवस जेवणाच्या टेबलावर नळ्या कापत बसलेत. जेवायला आम्ही जमिनीवर." तिनं चप्पल उचलून कोपऱ्यात ठेवली. "दादा, आज काय ते व्हायलाच पाहिजे. आई जेवत नाहीये."

"काकूंना बरं नाही?"

"बातम्या लागत नाहीत म्हणून जेवत नाही. तुमच्या केबलवरून एक तारखेला ते चॅनेल गेलं, म्हणून तर केबल बंद करायला सांगितली. नऊ दिवस झाले. चमचा तोंडाशी नेला की ओठ मिटते. म्हणते, सात वाजू देत, बातम्या लागू देत. सात वाजतात, बातम्या लागत नाहीत. पाणी आणि दोन घोट दूध, एवढ्यावर आहे."

काकूंची आठवण चार वर्षांपासून हळूहळू जात होती हे मला माहीत होतं. लेक त्याच सुमारास इथं राहायला आली होती आणि केबल तिनंच घेतली होती. जोडायला मीच आलो होतो. तेव्हा मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसले होते, आणि माझं काम होईपर्यंत आतून हातोडीचा आवाज येत होता. ते काही ठोकत नव्हते. नुसतेच ठोकत होते.

"फोनवर दाखवून बघ ना," मी म्हणालो.

"बघितलं. फोनमधल्या माणसाला ती नमस्कार करते आणि फोन परत देते. पेनड्राइव्हवर घालून टीव्हीवर लावल्या. पहिल्या मिनिटाला म्हणाली, ह्या कालच्या. मला ओळखत नाही दादा, पण बातम्या कालच्या आहेत हे ओळखते. पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवून बघते." ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "उद्या सकाळी दाखल करायचंय. नाकातून नळी घालणार. ती ओढून काढणार, हे डॉक्टरांनाही माहितीये. मग हात बांधतात."

मी घड्याळ बघितलं. साडेपाच वाजून गेले होते.

बॉक्स घ्यायला आत गेलो. काकू टीव्हीसमोर खुर्चीत बसल्या होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी नेहमीच्या सुरात विचारलं, "लागल्या का?"

"अजून नाही, काकू."

"मग बसा. लागल्या की वाढते."

या घरचं मी आठ वर्षं जेवलो होतो. सतराव्या वर्षी मास्तरांच्या दुकानात कामाला लागलो. तेव्हा या भागात प्रत्येक गच्चीवर मास्तरांच्या हातची अँटेना होती. माझे पाय लांब आणि किडकिडीत, म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'पक्कड' ठेवलं. कामाची रीत ठरलेली होती. वर गच्चीवर मास्तर, त्यांच्यामागे पाईप धरून मी, आणि खाली गिऱ्हाइकाच्या घरात टीव्हीसमोर काकू. मास्तर पाईप सुतासुतानं फिरवायचे आणि खिडकीतून काकूंचा आवाज यायचा. "आली. गेली. जरा मागं. आली. थांबा, हलवू नका." कितीही मजले असोत, तो आवाज वर पोचायचा. संध्याकाळी सातच्या आत तिघं घरी. बातम्यांची धून वाजली की काकू वाढायला घ्यायच्या. चाळीस वर्षांत मास्तरांच्या घरी दुसऱ्या कुठल्या वेळेला कुणी जेवलं नसेल.

मग केबल आली. मी नोकरी धरली. पहिल्याच महिन्यात मी आजूबाजूच्या गच्च्यांवरून साठ-सत्तर अँटेना उतरवल्या. लोक म्हणायचे, जोडतोच आहेस तर वरचं जुनंही काढून टाक. त्या सगळ्या मी हातगाडीवर रचल्या आणि मास्तरांच्या दुकानासमोर नेऊन उभ्या केल्या. दुकानात चारपाच माणसं होती. मास्तर म्हणाले, "हे काय?"

मी म्हणालो, "ठेवून घ्या, भंगारात तरी जाईल. मास्तर, तुमचं आकाश संपलं आता."

माणसं हसली. मीही हसलो. काकू मागच्या दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत. मास्तरांनी गाडीतली वरची अँटेना उचलली, तिची वाकलेली काडी अंगठ्यानं सरळ केली आणि परत ठेवली. आमचं भांडण असं झालंच नाही. भांडायला दोघं लागतात, आणि मास्तर गप्प झाले. ते वाक्य सहज तोंडून गेलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. सहज गेलं नव्हतं. पंचवीस वर्षांचा होतो, नवी बॅग होती, आणि मला ते चारचौघांत बोलून दाखवायचं होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

बॉक्स काढून मी गच्चीवर गेलो. वारा होता. गच्चीच्या मधोमध पाण्याची सिमेंटची टाकी आणि तिच्या अलीकडे एक जुना पाईप कठड्याला बांधलेला. मास्तर गुडघ्यावर बसून पाईपाला अँटेना जोडत होते. अँटेना बघून मी थबकलोच. पूर्वीच्या काड्या हातभर असायच्या, या वीतभर होत्या. आजकालच्या प्रसारणाला अशाच लागतात. म्हणजे म्हाताऱ्यानं कुठून तरी वाचून, सगळं मोजमाप नव्यानं काढलं होतं. काड्या एका ओळीत, एकही तिरकी नाही. हात थरथरत असताना हे कसं केलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

नट त्यांच्या बोटांतून निसटला आणि घरंगळत पन्हाळीत गेला. मी शोधून आणला. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात पुढे केला. मी नट त्यावर ठेवला.

"झालं तुझं तोडून?"

"तोडतोय."

मी टाकीपलीकडच्या कोपऱ्यात जाऊन केबल कापली, वायर ओढून घेतली आणि कोपर ते अंगठा अशी गुंडाळायला लागलो. तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"झालं का?"

"होतंय."

"सातच्या आधी मी गाडी घेऊन त्या रस्त्यानं येतोय. बॉक्स, वायर घेऊन खाली थांब. आणि म्हातारा अँटेना लावतोय म्हणे. लावू दे. तू हात लावू नकोस. जाड्याचं काय झालं ते आठवतंय ना?"

आठवत होतं. जाड्या म्हणजे आमचा दुसरा लाइनमन. गेल्या महिन्यात त्यानं मेहुणीच्या घरावर अँटेना लावून दिली आणि मालकांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्याची बॅग दारात होती. मालक माणूस वाईट नाही. पण रोज दहा घरं गळतायत, आणि बुडत्या नावेत बसलेल्या माणसाला दुसऱ्याची पोहण्याची हौस बघवत नाही. मी त्रेपन्न वर्षांचा. वायर ओढण्यापलीकडे मला काही येत नाही, आणि या वयात नव्यानं कोण घेणार?

फोन खिशात टाकून वळलो तर मास्तर उभे राहत होते. कठडा गुडघ्याएवढा. वाऱ्याचा झोत आला, अँटेना त्यांच्या हातात फिरली आणि ते तिच्याबरोबर फिरले. मी धावत जाऊन त्यांचा सदरा मागून मुठीत पकडला.

"सोड."

"नाही सोडत."

"सोड म्हणतो ना, पक्कड."

अठ्ठावीस वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली, तीही शिवी दिल्यासारखी. मी सदरा सोडला नाही. दोघंही धापा टाकत होतो. खाली रस्ता दिसत होता, तिथून कुणीतरी सायकलवरून शीळ घालत चाललं होतं.

"तुम्ही खिडकीत थांबा," मी म्हणालो. "वरचं मी बघतो. तुम्ही सांगाल तसं फिरवतो."

"तुझा मालक?"

"त्याचं मी बघतो."

मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. "पाठ टाकीला, तोंड टेकडीला," ते म्हणाले. "विसरला नसशील."

"नाही विसरलो."

या भागात अँटेना लावणाऱ्या प्रत्येकाला 'तोंड टेकडीला' हे पाठ होतं. टीव्हीचा मनोरा टेकडीवर. कुठल्याही गच्चीवर डोळे मिटून उभं केलं असतं तरी टेकडी कुठं हे माझ्या हातांना कळलं असतं. आताही कळलं. मास्तरांना शिडीवरून उतरवलं, वर येऊन अँटेना पाईपावर चढवली, तोंड टेकडीकडे. टेकडीवर मनोरा होता, त्याच्या टोकाला लाल दिवा होता. घरातून आलेली वायर जोडली. सहा वाजून दहा मिनिटं.

"लाव," मी खिडकीकडे वाकून ओरडलो.

खाली लेकीनं रिमोटवर चॅनेल शोधायला लावलं. नव्या टीव्हीचं हे असं असतं. एक पट्टी शून्यापासून शंभरापर्यंत सरकते, त्याला चारपाच मिनिटं लागतात, आणि शेवटी काय ते कळतं.

"मुंग्या दिसतात का?" मास्तरांचा आवाज.

"मुंग्या नसतात आता, बाबा. निळा पडदा आहे."

"मुंग्या नाहीत तर जवळ आलो की लांब गेलो ते कळणार कसं?"

पूर्वी चित्र यायच्या आधी मुंग्या यायच्या, मुंग्यांत माणसाचं डोकं दिसायचं, आणि त्या डोक्याचा माग काढत मास्तर पाईप फिरवायचे. आता एक तर सगळं, नाही तर काहीच नाही.

"एकही चॅनेल मिळालं नाही," लेक म्हणाली.

मी अँटेना बोटभर डावीकडे घेतली. पुन्हा चारपाच मिनिटं. नाही. उजवीकडे. नाही. वायरचं टोक कापून नवं केलं. ऑफिसचं सिग्नल मोजायचं मीटर लावून बघितलं, हेही नियमाबाहेरच होतं, काटा जागचा हलला नाही. मला वाटलं जोडात दोष आहे. दुसरं टोकही कापलं. खालून मास्तर म्हणाले, "टेकडीकडेच आहे ना?" मी म्हणालो, "नाकासमोर टेकडी आहे." सात वाजायला वीस मिनिटं राहिली होती. खिडकीतून काकूंचा आवाज आला, "सात वाजले का? तुम्ही सगळे उपाशी राहिलात."

माझ्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. जेवणाचा डबा मालकांच्या गाडीत राहिला होता, नाही तर एक वाजता ऑफिसच्या गच्चीवर बसून मी तो खातो. तिथं एका पाईपावर ऑफिसची स्वतःची अँटेना आहे. तिच्या सावलीत बसतो. खाऊन उठलो की समोर, अँटेनाच्या टोकाच्या रेषेत, पूल दिसतो.

पूल.

टेकडीवरचं टीव्हीचं प्रसारण तीन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. ते पुलापलीकडच्या उंच इमारतीवर गेलं. टेकडीवर राहिलाय तो नुसता मोबाइलचा मनोरा. ऑफिसची ती अँटेना तेव्हा कुणी फिरवली होती? मी. याच दोन हातांनी. आणि मास्तर 'टेकडी' म्हणाले तसे हेच हात पुन्हा टेकडीकडे गेले, अर्धा-पाऊण तास तिथंच चाचपडत राहिले, आणि मला शंका म्हणून आली नाही.

मी खिडकीकडे वाकलो. सांगणार होतो. मास्तर खिडकीत मान वर करून उभे होते, चष्म्यात आभाळ. 'मास्तर, मनोरा तिथं नाही,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या दिवशीचं माझं वाक्य आणि हे वाक्य, यांत मला काही फरक दिसेना.

"जरा जोड बघतो," मी म्हणालो. "वेळ लागेल पाच मिनिटं."

पूल टाकीच्या मागे होता. पाईपावरून त्या बाजूला टाकीची भिंतच आडवी येत होती. मी अँटेना सोडवली आणि टाकीपलीकडच्या कोपऱ्यात नेली. वायर पुरेना. मग मघाशी नीट गुंडाळलेली कंपनीची वायर उलगडली, कापली आणि जोडली. कोपऱ्यात बांधायला पाईप नव्हता, अँटेना आवळून बसवायला जादा पकडही नव्हती. मी कठड्याला पाय टेकून उभा राहिलो, अँटेना दोन्ही हातांत डोक्यावर धरली आणि टेकडीकडे पाठ केली.

"लाव," मी ओरडलो. सात वाजायला नऊ मिनिटं.

"दहा," लेक पट्टी वाचायला लागली. "अठरा."

खाली हॉर्न वाजला. मालकांची गाडी फाटकाशी उभी होती. ते उतरले, दारात मी दिसेना म्हणून इकडेतिकडे बघितलं, मग वर बघितलं. लपायला जागा नव्हती आणि लपून काय करणार होतो? दोन्ही हात वर करून, हातात अँटेना घेऊन, मी आभाळाला टेकून उभा होतो.

"खाली ये," मालक म्हणाले.

"येता येत नाही."

"बत्तीस," वरच्या खिडकीतून लेक म्हणाली.

"का येता येत नाही?"

"हात खाली घेतला की जाईल."

"काय जाईल?"

"काकू जेवत नाहीत मालक. नऊ दिवस झाले. बातम्या लागल्या की जेवतील."

मालकांनी रुमाल काढून मान पुसली. "चव्वेचाळीस," लेक म्हणाली. मालक पुन्हा वर बघायला लागले. त्यांची नजर माझ्या हातांवरून खाली लोंबणाऱ्या काळ्या वायरवर गेली.

"ती वायर कंपनीची आहे."

"हो. उद्या आणून देतो."

"उद्या येऊच नकोस."

ते चढ्या आवाजात बोलले नाहीत. जाड्याला एक न्याय आणि मला दुसरा, असं त्यांना करता येणार नव्हतं, हे मलाही दिसत होतं. "बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? हात खाली घेतला असता तर नोकरीचं कदाचित अजूनही जमलं असतं. ते मला कळत होतं आणि हात खाली येत नव्हता.

"अडुसष्ट. दादा, सापडलं. एक सापडलं. पाच. नऊ."

"आपलं लाव," मास्तर म्हणाले, "लवकर लाव."

मग काहीच ऐकू येईना. वाऱ्यानं अँटेना हलत होती, माझे दंड कापत होते. लेक म्हणाली, "चित्र आलं." लगेच म्हणाली, "थिजलं. चौकोन चौकोन दिसतायत. गेलं." मी डावीकडे घेतलं. "नाही." उजवीकडे. "नाही, दादा." तिचा आवाज रडवेला झाला होता. सात वाजायला दोन मिनिटं.

"आली."

हा आवाज लेकीचा नव्हता. मी ओळखला, पण विश्वास बसेना.

"गेली," काकू म्हणाल्या. खणखणीत. खुर्चीत बसल्या बसल्या, टीव्हीवरची नजर न काढता बोलत असणार. "जरा मागं. अजून. आली. गेली. फार मागं नेलंत. सुतभर पुढं."

मी सुतभर पुढं नेलं.

"आली. थांबा. हलवू नका."

बातम्यांची धून वाजली. ती रस्त्यापर्यंत ऐकू गेली असावी, कारण फाटकाशी मालक तसेच उभे होते आणि खिडकीकडे बघत होते. मी हललो नाही. श्वाससुद्धा बेतानं घेत होतो. खाली चमच्याचा, वाटीचा आवाज झाला. खुर्ची सरकली. मग बराच वेळ नुसता बातम्यांचा आवाज.

मास्तर खिडकीत आले. त्यांनी वर बघितलं नाही, समोरच बघत राहिले.

"घेतला," ते म्हणाले.

थोड्या वेळानं, "दोन."

मग, "तीन. मऊ भात आहे. गिळतेय."

सात घासांपर्यंत मी मोजले. मग मास्तर आत वळले आणि पुढचे लेक सांगायला लागली. माझे हात कधीचे बधिर झाले होते. खांद्यापासून पुढे ते कुणा दुसऱ्याचे असावेत असं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसायला हात नव्हता, आणि वाऱ्यानं आलं असं म्हणायला वर कुणी नव्हतं. मालकांनी गाडीतून माझा जेवणाचा डबा काढला. माझा स्वेटरही काढला. स्वेटरची घडी घालून फाटकाच्या खांबावर ठेवली, तिच्यावर डबा ठेवला, वाऱ्यानं पडणार नाही ना ते बघितलं आणि गाडीत बसून निघून गेले.

बातम्या अर्ध्या तासाच्या. हवामान झालं तेव्हा अंधारायला लागलं होतं. झडपेतून आधी हातोडी आली, मग लोखंडी पकड, मग मास्तर. खालून लेक ओरडत होती, "बाबा, कशाला? दादा करेल ना." ते तिच्याकडे लक्ष देणाऱ्यांतले नव्हते.

मास्तर टाकीला वळसा घालून आले आणि उभे राहिले. त्यांनी रिकामा पाईप बघितला. मग मला बघितलं, अँटेनाचं तोंड बघितलं, आणि तिच्या रेषेत पुलापलीकडच्या उंच इमारतीकडे बघितलं. तिच्यावरही एक लाल दिवा लागला होता. मग मागे वळून टेकडीकडे बघितलं. तिथंही एक.

"कधी हलवलं?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही."

मला माहीत असून मी सांगितलं नव्हतं, तासाभरापूर्वीही आणि त्याआधी तीन वर्षंही. रोज याच रस्त्यानं जात होतो.

"मास्तर," मी म्हणालो, "त्या दिवशी मी दुकानात जे बोललो..."

"धर सरळ," ते म्हणाले.

मी सरळ धरली. ते गुडघ्यावर बसले. कठड्यातून वर आलेल्या एका लोखंडी सळईला त्यांनी पकड लावली, तिच्यात अँटेनाचा दांडा बसवला आणि नट फिरवायला घेतला. आटे जुळेनात. जुळले की सुटायचे. मी ते काम चुटकीसरशी केलं असतं. मी नुसता धरून उभा राहिलो. दोनदा नट निसटला, दोनदा मी पायानं अडवला.

खालून काकूंचा आवाज आला. "काय झालं? वर कुणी बोलत का नाही?"

मास्तरांनी मान वळवली. "झालंच," त्यांनी खिडकीच्या दिशेनं ओरडून सांगितलं. पुन्हा नटाकडे बघितलं आणि मग परत ओरडले, "दोघांचं वाढ."

तिसऱ्यांदा नट निसटला. मी तो उचलला. मास्तरांनी वर न बघता तळहात पुढे केला.